हृदयाचा आकडा वेगळा, यकृताचा वेगळा : लोहाच्या एमआरआयचे रिपोर्ट नीट लिहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

थॅलेसेमिया हा रक्त नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार; त्यात वारंवार रक्त चढवावं लागतं आणि शरीरात लोह साठतं. या मुलांच्या फायलींमध्ये आता लोह मोजणाऱ्या एमआरआयचे रिपोर्ट दिसू लागले आहेत, ही चांगली गोष्ट. पण इंदुरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत हातात पडणारे यातले कितीतरी रिपोर्ट उपचारासाठी निरुपयोगी असतात. 'लिव्हरमध्ये मॉडरेट आयर्न ओव्हरलोड' एवढी एक ओळ. हृदयाचा उल्लेख नाही, आकडा नाही, यंत्राच्या चुंबकाची ताकद किती टेस्ला होती तेही नाही. असा कागद पाहून डॉक्टर लोह बाहेर काढणाऱ्या औषधाचा डोस वाढवणार कसा आणि कमी करणार कसा? पालकांनी मात्र त्यासाठी खिसा रिकामा केलेला असतो. ही तपासणी कशी होते, कुठे फसते आणि रिपोर्टात काय असायलाच हवं, हे पालकांना आणि छोट्या गावांतल्या डॉक्टरांना कळावं म्हणून हे पत्र.

८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन. त्या सुमारास रक्तदानाची शिबिरं होतात, त्यांच्या बातम्याही छापून येतात. रक्त तर हवंच. पण त्या रक्तासोबत शरीरात जाणाऱ्या लोहाविषयी कुणी चकार शब्द काढत नाही. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. निरोगी माणूस जेवणातून दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतो आणि तेवढंच त्वचा-आतड्यांच्या झडणाऱ्या पेशींतून गमावतो. जास्तीचं लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. ३० किलोच्या मुलाला वर्षाकाठी २० पिशव्या लागल्या, तर किमान ४ ग्रॅम लोह आत गेलं. धडधाकट प्रौढ माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून जेवढं असतं तेवढं, एका वर्षात. ते आधी यकृतात साठतं, मग स्वादुपिंड, पिट्युटरी ग्रंथी आणि हृदय. वाढ खुंटते, वयात येणं लांबतं, मधुमेह होतो. थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णांत मृत्यूचं सर्वांत मोठं कारण वर्षानुवर्षं हृदयातलं लोह हेच राहिलं.

मराठी घरांत 'हा सिंधी-पंजाबी लोकांचा आजार' असा एक समज आहे. या समाजांत वाहकांचं (स्वतः आजारी नसलेल्या, पण मुलांना आजार देऊ शकणाऱ्यांचं) प्रमाण जास्त आहे हे खरं, पण वाहक सगळीकडे सापडतात. लग्नाआधी वाहक ओळखणारी हिमोग्लोबिन ए-टूची तपासणी करून घ्यायला पत्रिका जुळवण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

आता मुद्द्याकडे. लोह मोजायला बहुतेक जण सिरम फेरिटिनवर (लोह साठवणाऱ्या प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण) विसंबतात. तपासणी स्वस्त आहे, कुठल्याही पॅथॉलॉजीत होते, दर तीन महिन्यांनी करावीच. पण ताप, जंतुसंसर्ग, हिपॅटायटिस यांत फेरिटिन उगाचच वाढतं आणि क जीवनसत्त्व कमी असेल तर खोटंच खाली दिसतं. शिवाय फेरिटिन हृदयाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. फेरिटिन १,५०० च्या आसपास असताना हृदयात धोकादायक लोह असू शकतं आणि ४,००० असताना हृदय स्वच्छ असू शकतं. इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) भिस्त ठेवणंही चूक, कारण हृदयाचं पंपिंग बराच काळ नॉर्मल दिसत राहतं आणि ते घसरलेलं दिसतं तोवर पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. यकृताचा तुकडा काढून तपासायचा, तर तो तुकडा यकृताच्या साधारण पन्नास हजाराव्या भागाएवढा. लोह सगळीकडे सारखं पसरलेलं नसेल तर आकडा चुकतो, आणि हृदयाचं तरीही कळत नाहीच.

एमआरआयमध्ये लोह थेट दिसत नाही, त्याचा परिणाम दिसतो. शरीरातल्या पाण्याकडून येणारा सिग्नल काही मिलिसेकंदांत विझत जातो. पेशींत साठलेलं लोह आसपासचं चुंबकीय क्षेत्र विस्कटवतं आणि सिग्नल लवकर विझतो. देवळातल्या घंटेला टोल पडताच बोट लावलं की नाद मिटावा, तसा. विझायला लागणाऱ्या या वेळेचं माप म्हणजे टी-टू-स्टार, मिलिसेकंदांत. आकडा जितका लहान तितकं लोह जास्त. पालकांचा घोळ इथेच होतो, कारण फेरिटिन कमी म्हणजे चांगलं आणि टी-टू-स्टार कमी म्हणजे वाईट.

हृदयासाठी हे तंत्र लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातून पुढे आलं. डडली पेनेल यांच्या गटाचा मूळ लेख २००१ चा आहे. पद्धत ठरलेली आहे. १.५ टेस्लाचं यंत्र, छातीवर ईसीजीच्या तारा, हृदयाच्या मधोमध आडवा, १० मिलिमीटर जाडीचा एकच काप. एका श्वासरोधात ग्रेडियंट एको पद्धतीच्या आठ प्रतिमा घ्यायच्या, सिग्नल उमटल्यापासून पहिली साधारण २ मिलिसेकंदांवर आणि शेवटची १८ च्या आसपास. मग दोन जवनिकांमधल्या (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या) पडद्यावर, म्हणजे सेप्टमवर, खूण आखून आठही प्रतिमांतला सरासरी सिग्नल मोजायचा. खूण सेप्टमवरच, कारण हृदयाच्या बाजूच्या भिंतीला फुफ्फुसातली हवा आणि मोठी शीर लागून आहे. तिथे सिग्नल लोह नसतानाही विझतो. आखताना कडेचं रक्त खुणेत आलं की आकडा बिघडलाच. त्यासाठी रक्त काळं दाखवणारा 'ब्लॅक ब्लड' सिक्वेन्स (प्रतिमा घेण्याची ठरावीक पद्धत) असेल तर तो वापरावा. सेप्टमची कड स्पष्ट दिसते आणि दोन जणांनी मोजलं तरी आकडे जवळ येतात.

हिशेब अवघड नाही. समजा, प्रतिमा २.० मिलिसेकंदांपासून दर २.३ मिलिसेकंदांनी घेतल्या आणि पहिल्या प्रतिमेतला सिग्नल १०० धरला. पुढचे आकडे ७५, ५६, ४२, ३२, २४, १८, १३ असे आले, तर टी-टू-स्टार ८ मिलिसेकंद. तोच शेवटचा आकडा ५० च्या वर राहिला असता तर टी-टू-स्टार २५ च्या घरात गेला असता. यंत्रासोबतचं सॉफ्टवेअर नसेल तर हे आठ आकडे एक्सेलमध्ये भरून त्यांचा नैसर्गिक लॉग घ्यावा आणि वेळेसमोर मांडावा. सरळ रेघ येते. तिच्या उताराचा व्यस्त म्हणजे टी-टू-स्टार. कार्डिअक पॅकेज विकत घेतलेलं नाही म्हणून यकृताची तपासणीसुद्धा नाकारणाऱ्या केंद्रांनी हे करून पाहावं. यकृताला ईसीजीही लागत नाही.

हृदयात २० मिलिसेकंदांच्या वर सुरक्षित, १० ते २० मध्ये लोह आहे आणि औषध बदलायची वेळ आली आहे, १० च्या खाली तातडीची परिस्थिती. हे निकष हवेतून आलेले नाहीत. रॉयल ब्रॉम्प्टनच्या २००९ च्या अभ्यासात ६५२ थॅलेसेमिया रुग्णांकडे पाहिलं गेलं. तपासणीनंतर वर्षभरात ज्यांचं हृदय निकामी होऊ लागलं, त्यांच्यातल्या ९८ टक्क्यांचा टी-टू-स्टार १० च्या खाली होता. ६ च्या खाली असलेल्यांत वर्षभरात जवळजवळ निम्म्यांवर ही वेळ आली. ब्रिटनमध्ये ही तपासणी आणि तिच्या आधाराने केलेले औषधबदल रुळल्यावर थॅलेसेमियातले लोहामुळे होणारे मृत्यू सुमारे ७१ टक्क्यांनी घटले, असा २००८ चा तिथला हिशेब आहे. या यशात नव्या गोळ्यांचाही वाटा आहे. पण गोळी कुणाला वाढवायची हे एमआरआयमुळे कळलं, हेही खरं.

यकृताची गोष्ट वेगळी, आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

यकृतात लोह हृदयापेक्षा कितीतरी पट साठतं. टी-टू-स्टार २ किंवा १ मिलिसेकंदापर्यंत उतरलेला मुलगा इंदुरात दुर्मीळ नाही. आता हृदयासाठी लावलेलाच सिक्वेन्स यकृतावर चालवला, म्हणजे पहिली प्रतिमा २ मिलिसेकंदांवर घेतली, तर १ मिलिसेकंद टी-टू-स्टार असलेल्या यकृतातला ८६ टक्के सिग्नल पहिल्या प्रतिमेआधीच गेलेला असतो. ४ मिलिसेकंदांवर २ टक्केही उरत नाही. पुढच्या सगळ्या प्रतिमांत यंत्राची नुसती खरखर. पण सॉफ्टवेअरला खरखर आणि सिग्नल यांतला फरक कळत नाही. ते त्या सपाट शेपटीतूनही वक्र (सिग्नल विझण्याचा आलेख) काढतं, वक्र पसरट येतो आणि टी-टू-स्टार खोटाच मोठा निघतो. थोडक्यात, ज्याचं यकृत सर्वांत भरलेलं, त्याचाच रिपोर्ट सर्वांत सौम्य येतो. गंभीर रुग्ण 'मॉडरेट'मध्ये जातो आणि औषध आहे तेवढंच चालू राहतं.

म्हणून यकृतासाठी पहिली प्रतिमा १ मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याआधी हवी आणि पुढच्या प्रतिमा एकेका मिलिसेकंदाच्या किंवा त्याहून कमी अंतराने. त्यासाठी बँडविड्थ वाढवावी लागते, मॅट्रिक्स थोडं भरड करावं लागतं. चित्र देखणं येत नाही. न येऊ दे. इथे चित्र बघायचं नाही, आकडा काढायचा आहे. वक्र बसवताना खरखरीत बुडालेले शेवटचे बिंदू गाळायचे किंवा हिशेबात खरखरीचं वेगळं पद धरायचं. वक्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा टाइप करू नये. बिंदू वक्रावर बसत नसतील तर सॉफ्टवेअरने दिलेल्या दशांश चिन्हानंतरच्या दोन अंकांना काडीची किंमत नाही.

यकृतात चरबी असली की आणखी एक गोंधळ. १.५ टेस्लावर दर २.३ मिलिसेकंदांनी पाणी आणि चरबी यांचे सिग्नल एकदा विरुद्ध आणि एकदा एकत्र येतात. बिंदू खाली-वर नागमोडी पडतात आणि वक्र कुठेतरी मधूनच जातो. फॅट सॅच्युरेशन (चरबीचा सिग्नल दाबणं) लावलं तर हा त्रास बराचसा जातो. खूण उजव्या खंडात आखावी, मोठ्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका टाळून. डाव्या खंडावर हृदयाची धडधड असते आणि शेजारी जठरातली हवा.

यकृताचा टी-टू-स्टार मिळाला की त्यावरून दर ग्रॅम कोरड्या ऊतीत किती मिलिग्रॅम लोह आहे ते काढतात. १००० ला टी-टू-स्टारने भागलं की आर-टू-स्टार मिळतो. लॉस एंजेलिसच्या जॉन वूड यांच्या गटाने २००५ मध्ये दिलेल्या सूत्राने त्याला ०.०२५४ ने गुणून ०.२०२ मिळवायचे. टी-टू-स्टार २ मिलिसेकंद आला, तर आर-टू-स्टार ५०० आणि लोह सुमारे १२.९ मिलिग्रॅम. निरोगी यकृतात हा आकडा १.८ च्या खाली असतो. साधारण ३ ते ७ सौम्य, ७ ते १५ मध्यम, १५ च्या वर गंभीर. वेगळी सूत्रंही प्रचलित आहेत आणि त्यांचं उत्तर थोडं वेगळं येतं, म्हणून कुठलं सूत्र वापरलं ते रिपोर्टात छापलंच पाहिजे. काही ठिकाणी आकडा मायक्रोमोलमध्ये देतात. १ मिलिग्रॅम म्हणजे १७.९ मायक्रोमोल, तेव्हा '१२५' वाचून घाबरू नये, ते ७ मिलिग्रॅमच आहेत. तसंच, '३६' वाचून गंभीर समजलं जातं आणि प्रत्यक्षात ते २ मिलिग्रॅम असतं.

ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या फेरीस्कॅन या पद्धतीत टी-टू-स्टारऐवजी आर-टू (सिग्नल विझण्याच्या वेगाचं वेगळं माप) मोजतात आणि प्रतिमा त्यांच्या केंद्राकडे पाठवून हिशेब तिथे होतो. पद्धत उत्तम आहे, महाग आहे. मात्र ती आणि टी-टू-स्टार यांचे आकडे एकाच रुग्णात तंतोतंत जुळत नाहीत. एका वर्षी ही, दुसऱ्या वर्षी ती असं केलं तर लोह वाढलं की घटलं हे सांगता येत नाही.

यंत्राच्या ताकदीबद्दल. इंदुरात आता ३ टेस्लाची यंत्रं आहेत आणि जाहिरातींमुळे '३ टेस्ला म्हणजे जास्त चांगलं' असं लोकांना वाटतं. मेंदूसाठी, गुडघ्यासाठी ठीक. लोहासाठी मात्र १.५ टेस्लाच पसंत करावं. ३ टेस्लावर आर-टू-स्टार जवळपास दुप्पट होतो, म्हणजे टी-टू-स्टार निम्म्यावर येतो. तिथे १.५ टेस्लाचा '२०' चा निकष लावला तर ज्याच्या हृदयात नगण्य लोह आहे त्याच्याही कपाळी 'लोह आहे' असा शिक्का बसतो. आणि भरलेलं यकृत तर मोजताच येत नाही, पहिल्या प्रतिमेआधीच सिग्नल संपलेला असतो. ३ टेस्लावर करायचंच असेल तर निकष आणि सूत्र त्या यंत्राचं हवं, आणि तसं लिहिलेलं हवं. काही गावांत ०.३ टेस्लाचं उघडं यंत्र असतं. त्यावर हे निकष लागू होत नाहीत. जवळ आहे म्हणून तिथे तपासणी करू नये.

आणखी एक चूक अगदी साधी आहे, पण रोज होते. डॉक्टर चिठ्ठीवर टी-टू-स्टार लिहितात, काउंटरवर 'स्टार' गळतो आणि नोंद होते 'एमआरआय ॲबडोमेन' अशी. मग पोटाच्या नेहमीच्या प्रतिमा निघतात, त्यात यकृत काळं दिसतं आणि रिपोर्ट येतो, 'आयर्न ओव्हरलोड'. एवढं तर एमआरआयशिवायही माहीत होतं. चिठ्ठीवर असं लिहावं : 'हृदय आणि यकृत, दोन्हींचा टी-टू-स्टार, १.५ टेस्ला, मिलिसेकंदांत आकडा हवा, यकृतातलं लोह मिलिग्रॅम प्रति ग्रॅम कोरड्या वजनात.' अपॉइंटमेंट घेताना पालकांनी फोनवर विचारावं की तुमच्याकडे हृदयाचा टी-टू-स्टार होतो का. 'सगळं होतं, या तुम्ही' असं उत्तर आलं तर मागच्या एखाद्या रिपोर्टाचा नाव झाकलेला नमुना मागावा.

मुलाच्या तयारीबद्दलही थोडं. ही तपासणी बिनकिरणांची आहे, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही. दुसऱ्या कारणाने कॉन्ट्रास्ट द्यायचंच असेल तर टी-टू-स्टार आधी उरकून घ्यावा, कारण कॉन्ट्रास्टने आकडा बदलतो. यंत्रात झोपायचा वेळ पंधरा-वीस मिनिटं. खरी परीक्षा श्वासाची. १२ ते १५ सेकंद श्वास रोखावा लागतो आणि दर वेळी त्याच ठिकाणी, श्वास सोडून. आठवडाभर आधी घरी आईने घड्याळ लावून सराव करून घ्यावा. मुलाला उताणं निजवून, 'श्वास घे, सोड, थांब' असं म्हणत. मशीनवाल्यांचे शब्द हिंदीत असतील तर सरावही हिंदीतच करावा, नाहीतर 'साँस छोड़ के रोको' ऐकून मूल खोल श्वास घेऊन बसतं. वेळ रक्त चढवल्यानंतरच्या काही दिवसांतली निवडावी. हिमोग्लोबिन ७ वर आलेल्या मुलाचं हृदय १२०-१३० च्या वेगाने धावत असतं, ईसीजीशी ताळमेळ बसत नाही, श्वासही टिकत नाही, प्रतिमा फरकटतात. डेस्फेरालचा (सुईवाटे दिलं जाणारं लोह काढणारं औषध) पंप लावलेला असेल तर तो सुईसकट काढूनच खोलीत जायचं. पंप आणि बॅटरी चुंबकाजवळ नेणं धोक्याचं. छातीत पोर्ट (शिरेत औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) किंवा पोटात जुन्या शस्त्रक्रियेच्या क्लिपा असतील तर त्यांचं कार्ड सोबत न्यावं आणि आधी सांगावं. केसांतल्या पिना, चांदीचे वाळे, ताईत घरीच.

हृदयाची तपासणी साधारण ८ ते १० वर्षांच्या वयापासून सुरू करतात. यकृताची त्याआधी, मूल स्थिर पडून राहू लागलं की. गुंगी देऊन तपासणी करायचा मोह शक्यतो टाळावा. गुंगीत मूल सांगितल्यावर श्वास रोखू शकत नाही आणि लोहाने थकलेल्या हृदयाला गुंगीचा धोकाही असतो. पुढे हृदयाचा आकडा २० च्या वर असेल तर दोन वर्षांनी, १० ते २० मध्ये असेल तर दर वर्षी, १० च्या खाली असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा. यकृत एक-दोन वर्षांनी.

दोन्ही अवयव एकत्र का मोजायचे, हा प्रश्न नेहमी येतो. खर्च वाचवायला लोक एकच करतात. कारण असं की यकृत आणि हृदय एका वेगाने भरत नाहीत आणि एका वेगाने रिकामेही होत नाहीत. औषध नीट घेतलं तर यकृत काही महिन्यांत सुधारतं, हृदयाला वर्षं लागतात. औषध मधूनच सोडून पुन्हा जोरात सुरू केलेल्या मुलाचं यकृत स्वच्छ आणि हृदय भरलेलं, असं चित्र दिसू शकतं. अशा वेळी फक्त यकृताचा रिपोर्ट पाहून डोस कमी केला तर मुलाच्या जिवावर बेतू शकतं. हृदयात लोह असेल तर डेफेरिप्रोन ही लोह काढणारी गोळी वापरण्याकडे किंवा दोन औषधं जोडून देण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. डेफेरिप्रोनमध्ये पांढऱ्या पेशी अचानक घटण्याचा धोका असल्याने रक्ताची मोजणी वारंवार करावी लागते आणि ताप आला की गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं. डेफेरासिरॉक्स या लोह काढणाऱ्या दुसऱ्या गोळीवर असलेल्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रथिन चुकवू नये. या गोष्टी एमआरआयवाल्याच्या नाहीत. पण आकडा न देणाऱ्या रिपोर्टामुळे त्या ठरवता येत नाहीत, म्हणून इथे लिहिल्या.

स्वादुपिंडाचाही आर-टू-स्टार त्याच बैठकीत काढता येतो. तो १०० च्या खाली असेल तर हृदयात लोह असण्याची शक्यता फार कमी. ईसीजी जमलाच नाही किंवा मूल कंटाळून उठलं, तर निदान एवढा अंदाज घेऊन ठेवता येतो.

ही तपासणी फक्त थॅलेसेमियाची नाही. झाबुआ, अलीराजपूर, धार, खरगोन भागातले सिकलसेलचे रुग्ण इंदुरात येतात. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, त्यात तपासणीवर आणि समुपदेशनावर भर आहे. सिकलसेलच्या ज्या रुग्णांना वारंवार रक्त चढतं, त्यांच्या यकृतातही लोह साठतं; हृदय तुलनेने वाचतं. ॲप्लास्टिक ॲनिमियाचे (अस्थिमज्जेत रक्त बनणं थांबण्याच्या आजाराचे) रुग्णही आहेत. बोन मॅरो प्रत्यारोपण झालेली मुलंही आहेत, आणि तिथे मोठी गल्लत होते. प्रत्यारोपणाने रक्त बनायला लागतं, पण आधीच साठलेलं लोह जागचं हलत नाही. ते मोजून, नंतर औषधाने किंवा ठरावीक अंतराने रक्त काढून कमी करावं लागतं. 'आता मूल बरं झालं' म्हणून तपासण्या बंद करणारी कुटुंबं आहेत.

रेडिओलॉजिस्ट बांधवांना विनंती आहे की रिपोर्टाच्या टेम्प्लेटमध्ये या गोष्टी कायमच्या टाकाव्यात : यंत्राची ताकद, सिक्वेन्स आणि प्रतिमांच्या वेळा, खूण कुठे आखली, हृदयाचा आणि यकृताचा टी-टू-स्टार मिलिसेकंदांत, यकृतातलं लोह आणि त्याचं सूत्र, किती बिंदू गाळले, आणि मागचा रिपोर्ट असेल तर त्याच्याशी तुलना. वक्राचं चित्र जोडलं तर फारच छान. 'माइल्ड-मॉडरेट-सिव्हिअर' लिहायला हरकत नाही, पण आकड्यानंतर.

पालकांनी फिल्म जपून ठेवण्यात अर्थ नाही. फिल्मवर चित्र असतं, सिग्नलचे आकडे नसतात. सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ डायकॉम प्रतिमा मागून घ्याव्यात, सगळ्या वेळांच्या, आणि त्याच दिवशी. कारण केंद्रांच्या सर्व्हरवरून जुन्या प्रतिमा काही महिन्यांनी पुसल्या जातात. पुढे सूत्र बदललं, डॉक्टर बदलले, मावशीकडे पुण्याला राहून तिथे तपासणी झाली, तरी त्या प्रतिमांवरून जुना हिशेब नव्या पद्धतीने पुन्हा काढता येतो. शक्यतो मात्र दर वर्षी तेच केंद्र, तेच यंत्र.

शेवटची मागणी सरकारी खरेदीबद्दल. सरकारी रुग्णालयांसाठी एमआरआय यंत्राची निविदा निघते तेव्हा कार्डिअक सॉफ्टवेअर, ईसीजी गेटिंग (प्रतिमा ठोक्यांशी जुळवण्याची सोय) आणि मल्टी-एको सिक्वेन्स (वेगवेगळ्या वेळांच्या प्रतिमा घेण्याची सोय) या बाबी बहुधा ऐच्छिक यादीत असतात आणि पैसे वाचवायला तिथेच कात्री लागते. यंत्र आल्यानंतर हेच परवाने वेगळे घेणं कितीतरी महाग पडतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्ही आहेत. ज्या रुग्णालयात या मुलांना महिन्याला रक्त चढवलं जातं, तिथल्या निविदेत या तीन बाबी अनिवार्य यादीत घालाव्यात आणि दोन तंत्रज्ञांना हृदयाचे काप घेण्याचं प्रशिक्षण यंत्राच्या करारातच धरावं.

आपले नम्र,
एक रेडिओलॉजिस्ट व एक एमआरआय तंत्रज्ञ, इंदूर
(नावे संपादकांना कळवली आहेत)